हुकुमाबरहुकूम तळलेला पाव

बत्तीस वर्षे मुख्याध्यापिका राहिलेल्या मोठ्या बाईंच्या घरचा तळलेला पाव सोयऱ्याधायऱ्यांत गाजलेला होता. दह्यात भिजवलेल्या पिठाच्या त्या जाडसर, टम्म फुगलेल्या चकत्या बाईंच्याच हातच्या, असे सारे म्हणत. आणि एरवी कोणाचा काना-मात्राही न सोडणाऱ्या बाई एवढी एक चूक दुरुस्त करीत नसत. पीठ मळत ते त्यांचे यजमान, जन्मभर घड्याळे दुरुस्त केलेले. बाई बैठकीतल्या खुर्चीतून हुकूम सोडत, "अहो, पाणी घाला अजून! झाकून काय ठेवता, लाटायला घ्या! आच मंद करा!" आतून "हो, हो" येई आणि यथावकाश ताट येई. सबब पाव आपणच करतो, यजमान नुसते हात लावतात, अशी बाईंची प्रामाणिक समजूत होती.

यजमान स्टुलावरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरात गेला. नेमक्या त्याच आठवड्यातल्या रविवारी धाकट्या लेकीच्या होणाऱ्या सासूबाई पाच वाजता चहाला यायच्या होत्या आणि बाई त्यांना फोनवर म्हणून बसल्या होत्या, "पाव मी स्वतः करून वाढणार. आमची मुलगीही माझ्याच हाताखाली तयार झाली आहे."

"आई, मी बिस्किटं आणते ना," लेक म्हणाली.

"बिस्किटं? मी मेले आहे का?"

दोन वाजता पदर खोचून बाईंनी स्वतःचेच हुकूम तंतोतंत पाळले. पीठ कोपरापर्यंत चिकटले. मंद आचेवरच्या तेलात सोडलेली पहिली चकती तळाशी जाऊन बसली, ती फळ्यासमोर उभ्या केलेल्या ढ विद्यार्थ्यासारखी हलेचना. दुसरीने टीपकागदासारखे तेल पिऊन घेतले.

"अहो, सगळं तुमच्यासारखंच केलं की!"

गळ्यात हात अडकवलेले यजमान दारात उभे होते. "माझ्यासारखं नाही. तुझ्यासारखं केलंस."

"म्हणजे?"

"तू सांगायचीस ते मी कधी केलंच नाही. पाणी घाला म्हणालीस की नळ सोडायचो. तुला आवाज यायचा."

"आणि लाटायला घ्या म्हणायचे तेव्हा?"

"पोळपाटावर लाटणं आपटायचो. पीठ तासभर फडक्याखालीच."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. चाळीस वर्षे आपण एका नळावर आणि एका लाटण्यावर राज्य केले! मग उठून त्यांनी परात घासली.

"सांगा आता काय करायचं ते. आणि जरा स्पष्ट बोला, पुटपुटू नका."

विहीणबाई वीस मिनिटे आधीच आल्या. लेकीने त्यांना थेट स्वयंपाकघरापर्यंत आणले तेव्हा यजमान ओरडत होते, "अगं, तेल तापू दे आधी! कसली घाई आहे तुला?" आणि बाई म्हणत होत्या, "हो, हो."

विहीणबाईंच्या भुवया वर गेल्या. यजमानांनी लगेच सावरून घेतले. "मी आपला लुडबुडतोय. हात बांधलेला, वेळ जात नाही."

बाईंनी नुसती मान डोलावली असती तरी भागले असते. कढईत एक वाकडीतिकडी चकती फुगत होती.

"लुडबुडत नाहीत," बाई म्हणाल्या. "पाव यांचाच. मी इतकी वर्षं नुसती ओरडले."

"अगंबाई! मग मुलगी कोणाच्या हाताखाली तयार झाली?"

"पाव यांच्याकडून शिकली, ओरडणं माझ्याकडून. तुमच्या मुलाला आत्ताच सांगून ठेवा."

"आई!" लेक किंचाळली.

"आलं लक्षात," विहीणबाई म्हणाल्या आणि हसतहसत स्टूल ओढून कढईपाशीच बसल्या. त्यांनी एक पाव मोडला आणि फुंकर मारून आत पाहिले. "मधे कच्चा राहिलाय, बरं का."

बाईंनी तोंड उघडले. मग तो त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा तेलात सोडला.