दोनदा सुधारलेली चूक

मी भूकंपमापक बोलतोय. पंपघराखालच्या तळघरात सिमेंटच्या ओट्यावर मला बसवलंय. जमीन हलली की कळवायचं, एवढंच माझं काम.

मोठ्या भूकंपाचा गवगवा सगळेच करतात. माझ्याकडे येतात ते लहान, ज्यांनी ताटातली वाटीसुद्धा हलत नाही. पहिला धक्का वर आला की खाली गेला, ते मी सांगतो. इतर यंत्रंही सांगतात. ही मतं जुळवून कचेरीतल्या बाई ठरवतात की जमिनीतली भेग कुठून जाते आणि कुठल्या बाजूला सरकली. लहान धक्का मोजक्याच यंत्रांपर्यंत पोचतो, त्यामुळे एका मतानेही निकाल फिरतो.

बसवतानाच माझ्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या. मी वर म्हणालो की तिकडे खाली उमटायचं. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी संगणकालाच सांगून ठेवलं, याचं म्हणणं उलटं धर. कचेरीत माझं नाव पडलं ‘उलट्या’. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे यंत्रांची देखभाल करणारे तात्या आले. जोडणी पाहून “काय हा गाढवपणा!” म्हणाले आणि तारा सरळ करून गेले. कचेरीत कळवायचं राहिलं. आता मी खरं बोलायचो आणि संगणक ते उलटं करायचा.

मग लहान धक्क्यांची रांगच लागली. भेग पंपघरापुढच्या ओढ्याखालून नव्हे, मागच्या घरांखालून जाते, असं बाईंच्या हिशेबात निघालं. घरं रिकामी करून पाडली. त्यातलं एक तात्यांचं. भिंती कोसळल्या त्याची नोंद मी पाठवली होती. भूकंप नाही म्हणून बाईंनी ती पुसली.

त्यानंतर लांब कुठेतरी मोठा भूकंप झाला; इतक्या लांबचा धक्का आसपासच्या सगळ्या यंत्रांना सारखाच लागतो. आसपासची सगळी यंत्रं वर म्हणाली, उलट्या तेवढा खाली. बाई तात्यांना घेऊन तळघरात आल्या.

“तात्या, याच्या तारा उलट्या होत्या ना?”

“होत्या की. मी कधीच सरळ केल्या.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“नीट केलेल्या कामाचं काय सांगायचं, बाई?”

संगणक अजून याचं म्हणणं उलटंच धरतोय, हे बाईंनी तात्यांना समजावलं. भेग ओढ्याखालीच आहे, घरांना धोका नव्हता, हेही त्यांनी सांगितलं.

“आमची ही घर सोडायला तयार नव्हती,” तात्या म्हणाले. “मीच तिला म्हटलं, मशीन कधी खोटं बोलत नाही.”

मी खोटं बोललो नव्हतो. पण त्याचं बरं वाटलं नाही, आणि वाईटही वाटलं नाही. माणसांनो, एवढंच सांगणं आहे: चूक सुधारलीत तर बोलून दाखवा. दुसरं कुणी तीच सुधारत बसलेलं असतं.

बाई गेल्या. तात्या भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून होते. जमीन हलली नाही, म्हणून माझ्याकडे त्याची नोंद नाही.