डावा की धावा

टेकडीवरच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकवणारे दोघंच: हेडमास्तर आणि नव्या बाई. हेडमास्तरांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, त्यामुळे खेळाचा तास बाईंच्या गळ्यात पडला. बाई पदार्थविज्ञानाच्या पदवीधर. चेंडू कोणत्या कोनात फेकला की सर्वांत लांब जातो, हे त्या फळ्यावर झकास सोडवत. प्रत्यक्ष फेकला की तो मागे चरणाऱ्या शेळीला लागे.

पटांगण होतं, पण उतारावर. शिट्टी होती, पण तिच्यातला मणी हरवलेला. फुंकली की नुसती फुस्स. वारा तेवढा मुबलक होता.

"सोमवारी तपासणीला साहेब येतायत," हेडमास्तर म्हणाले. "कवायत नीट झाली तर खेळाचा तास तुमचा. नाहीतर त्या वेळात मी पाढे घेणार."

"सर, बसून बसून मुळं फुटतील हो पोरांना!"

"फुटू देत. झाडं निदान गप्प उभी राहतात."

बाईंनी पदर खोचला. उतारावर रांग तिरकी दिसते म्हणून त्यांनी सराव वर्गातच घेतला. बाकं भिंतीला लावून डावा पाय, उजवा पाय. शनिवारपर्यंत पहिलीची पोरंसुद्धा घड्याळाच्या काट्यासारखी वळायला लागली.

सोमवारी साहेब आले, एका हाताने टोपी डोक्यावर दाबून धरत. पोरं पटांगणात रांगेत उभी राहिली. साहेब म्हणाले, "आज हुकूम मी देणार."

आणि खणखणीत ओरडले, "डावाऽऽ!"

वाऱ्याने त्यातला 'ड' वाटेतच गिळला. पुढच्या रांगेतल्या भिंगरीच्या कानावर पडलं, "धावा!" तिसरीतली ही पोरगी एरवीही पाय जमिनीला टेकवत नसे. ती सुसाट सुटली आणि तिच्यामागे अख्खी शाळा.

"अरे, डावा म्हटलं मी! डावा, डावा!"

साहेब जोर देतायत म्हटल्यावर पोरांनी वेग दुप्पट केला. उताराखालच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून ती परत वर चढू लागली.

"थांबा! थांबा!"

'थांबा'चा 'खांबा' झाला. सगळी पोरं झेंड्याच्या खांबावर जाऊन आदळली. "मी पहिली!" "हट्, मी आधी हात लावला!"

हेडमास्तर गालातल्या गालात बे एके बे म्हणू लागले. बाई पुढे झाल्या. हा नवा खेळ आहे, असं ठोकून द्यावं की काय? पण खोटं बोलायला जीभ वळेना.

"चूक माझी, साहेब. सराव वर्गात घेतला. तिथे वारा नव्हता."

साहेब काही बोलण्याआधीच भिंगरी धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. "साहेब, परत म्हणा ना!"

साहेबांनी तिला न्याहाळलं. मग घसा खाकरून ओरडले, "उजवाऽऽ!"

एकही पोर हललं नाही.

"उजवा नको, साहेब," भिंगरीने समजूत घातली. "त्यात पळता येत नाही."

साहेबांचं पोट आधी हललं, मग हसू बाहेर आलं. "अहो हेडमास्तर, सगळ्या शाळांत मी पुतळे तपासत फिरतो. पळणारी पोरं इथेच दिसली. हा तास काढाल तर खबरदार!" आणि टोपी बाईंच्या हातात देऊन त्यांनी पुन्हा आरोळी ठोकली, "डावाऽऽ!"

ते गेल्यावर हेडमास्तरांनी खिशातून काहीतरी काढलं. शिट्टीचा मणी. "भिंगरीकडून मीच जप्त केला होता. गोटी म्हणून खेळत होती. बसवायचा का आता?"

"नको!" सगळी पोरं एका सुरात ओरडली.

"काय? एके?" हेडमास्तरांनी कानाला हात लावला. "म्हणजे बे एके बे म्हणायचं ना?"

पण मणी त्यांनी पुन्हा खिशातच टाकला, आणि टाकीकडे बघत हळूच म्हणाले, "डावा."