रिकामा तापलेला ड्रम

मी एक ड्रम आहे. पत्र्याचा, बाहेरून काळाकुट्ट. भंगारात गंजत पडलो होतो, तेव्हा एका शिंप्याने मला टिचक्या मारून पाहिलं आणि आपल्या मोकळ्या प्लॉटवर आणून ठेवलं.

समोरच्याच भाड्याच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहत. खोलीत ऊन म्हणून येत नसे. नळाच्या गार पाण्याने तिची बोटं आखडायची. तिच्यासाठीच तो स्वतःच्या हाताने घर बांधणार होता. दक्षिणेला मोठी काच, काचेमागे दिवसभर तापून रात्री ऊब देणारी जाड भिंत, आणि छपरावर गरम पाण्याने भरलेला मी. त्याने मला घासूनपुसून काळा रंग दिला, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

पण माप मनासारखं होईपर्यंत तो कात्री लावणाऱ्यातला नव्हता. कापड बेतायच्या टेबलावर खडूने घर आखायचा, पुसायचा, पुन्हा आखायचा. पुठ्ठ्याचं घर करून त्यावर बॅटरीचा उजेड पाडायचा. छज्जा पुढे घेतला की हिवाळ्यातलं ऊन अडायचं, मागे घेतला की उन्हाळ्यातलं आत शिरायचं. असे कितीतरी हिवाळे गेले.

"अहो, तोवर ड्रम तरी भरू या का? भांड्यांना होईल," ती म्हणायची.

"अर्धवट काही नको. छपरावर चढला की भरू."

ती पुन्हा नळाच्या गार पाण्यात हात घालायची. मी मात्र रोज चटका बसेल इतका तापायचो आणि रिकामाच निवायचो. फार वाईट वाटायचं.

मग दक्षिणेच्या जागेवर शेजाऱ्याने पाया खणला. बघता बघता मजल्यावर मजले चढले. जागा त्याची, घर त्याचं, त्याचा काय दोष? त्या हिवाळ्यात आमच्या प्लॉटवर भर दुपारी सावली होती. शिंपी पुठ्ठ्याचं घर हातात घेऊन त्या सावलीत नुसता उभा राहिला.

त्याच्या बायकोने बादल्या आणून मला भरलं. संध्याकाळी माझ्यात हात घातला.

"तापलंय का?" त्याने विचारलं.

"तापलंय की थोडं," ती म्हणाली आणि भांडी घेऊन बसली.

मी गारठलेलो होतो. त्यानेही हात बुडवून पाहिला. मग तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि खाली मान घालून घासू लागला. अजूनही भांडी तोच घासतो.

मी आहे तिथेच आहे, सावलीत. तुमच्याकडे असा एखादा ड्रम उन्हात उभा असेल, तर घर व्हायचं तेव्हा होऊ दे. त्याच्यात आज पाणी भरा.