राधाबाईंच्या देवघरातला नळ

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. माझ्यासारखी अतिशहाणी बाई आमच्या अख्ख्या राइट टाउन मोहल्ल्यात सापडणार नाही.

मंगळवारी चार वाजता भोपाळच्या एका संग्रहालयातून प्रतिमा नावाची मुलगी येणार होती. जुन्या व्हिडिओ प्रयोगांच्या कॅसेटी साफ करून ती त्यांची नवी प्रत काढते. त्र्याण्णव साली आमच्या यांनी, म्हणजे शशिकांतरावांनी, कारखान्याच्या कॉलनीतल्या केबलवर दर रविवारी अर्धा तास काहीबाही दाखवलं होतं. नाटक नाही, गाणं नाही. 'नळ' नावाच्या कार्यक्रमात तर नुसता नळ, आणि कामगारांची पाळी सुटल्यावर त्याखाली धुतले जाणारे हात. चेहरा एकाचाही नाही. लोक घरी येऊन सांगत, "भैया, टीव्ही बिघडला आमचा." हे महिनाभर धड जेवले नाहीत. मला मात्र तो नळ फार आवडला होता, आणि मी ते तेव्हाच सांगितलं होतं.

आता यांचं वय अठ्ठ्याहत्तर. 'नळ' सापडला नाही तर यांनी काही केलं होतं याला पुरावाच उरणार नव्हता. हे स्वतःच म्हणायला लागले होते, "जाऊ दे, नसेलच काही तसं." ते ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

माळ्यावरून बारा कॅसेटी निघाल्या. 'प्रयोग' लिहिलेल्या पाचांवर मागून नेणाऱ्यांनी क्रिकेट आणि मालिका चढवल्या होत्या. बाकीच्यांना पांढरी बुरशी. मंगळवारी सकाळी अकरा वाजता यांनी हात टेकले. मी चहा गाळत होते, गाळणी हातातच राहिली, कारण मला आठवलं.

'नळ'च्या कॅसेटवर कोणी काही चढवू नये म्हणून मीच तिच्यावर लिहिलं होतं, 'राधाबाईंकडचा सत्यनारायण'. शेजारच्या राधाबाईंकडे त्या वर्षी पूजा झाली होती, हे कॅमेरा घेऊनच प्रसादाला गेले होते. आणि पूजेवर सिनेमा चढवायची हिंमत आपल्याकडे कोणाची आहे? युक्ती एवढी पक्की, की कॉलनीतलं क्वार्टर सोडताना मीच फसले. ही तर राधाबाईंची, म्हणून त्यांना नेऊन दिली.

"अहो, चप्पल घाला," मी म्हटलं.

"काहून?"

"आधी घाला, मग सांगते."

राधाबाई आता कमानिया गेटजवळ लेकाकडे राहतात. ऑटोत मी यांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं, पण हे हसत सुटले, मग माझा हात धरून बसले.

कॅसेटचं नाव काढताच राधाबाई सरळ देवघराशी गेल्या. अन्नपूर्णेच्या बाजूला आमची कॅसेट, वर हळदकुंकू, आतून कोरडी ठणठणीत.

"रोज पूजा करून राहिली मी," त्या म्हणाल्या. "मशीन कुठं आहे आता बघायला? पण आत आमचे हे पाटावर बसले आहेत ना, सोवळं नेसून. तेवढं पुरते मला."

त्यांचे तुळशीराम जाऊन नऊ वर्षं झाली होती.

आता बोला. नाचत आलेली मी जागीच थिजले. यांनी मान हलवली, म्हणजे राहू दे, मागू नको. पण खोटं मी लिहिलं होतं, तर खरंही मलाच सांगणं भाग होतं. सांगितलं. राधाबाईंनी पदराने कॅसेटवरचं कुंकू पुसलं.

"चलो," त्या म्हणाल्या. "पूजा कोणाची केली मी एवढी वर्षं, ते बघू तरी."

चार वाजता आमच्या बैठकीत प्रतिमाने मशीन लावलं. आधी पडद्यावर मुंग्या, मग रेघा, मग नळ. "आंटी, ये तो कमाल है," ती हळूच म्हणाली. हे खुर्चीच्या टोकाशी सरकले. तेलाने काळे झालेले हात येत होते, साबणाने उजळून जात होते. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

मग एक हात आला, करंगळी अर्धी असलेला. धुऊन झाल्यावर त्याने नळ बंद केला, आणि जाता जाता पुन्हा एकदा आवळला.

राधाबाई उठून पडद्याजवळ गेल्या.

"कारखान्यात लेथवर गेली होती करंगळी," त्या म्हणाल्या. "नळ दोनदा आवळायचे. घरीसुद्धा."

प्रतिमाने तेवढं मागे नेऊन पुन्हा लावलं, आणखी तीनदा लावलं. मूळ कॅसेट भोपाळला जाणार होती. राधाबाईंसाठी तिने प्रत काढून दिली. यांनी पेन उघडलं आणि वर काय लिहू म्हणून विचारलं.

"होतं तेच लिहा जी," राधाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पूजेला ठेवायची आहे."