पूर्वेकडचा कर्णा

कर्णेवाल्या काकांनी चाळीस वर्षं सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवले, आणि आता त्यांच्याच मुलाने जाहीर केलं की बाबांचे कान गेले. दवाखान्यातल्या मशीनने तसा कागदही दिला होता. "परदेशी ताईकडे महिनाभर राहून या. आल्यावर दुकानाची दगदग नको," मुलगा म्हणाला. गोड बोलून किल्ली काढून घेतात ती अशी, हे न कळण्याइतके काका भोळे नव्हते.

तिथे पोचल्यावर पहिल्याच दुपारी ते मुलीच्या बाल्कनीत चहा घेत होते. खालच्या मशिदीतून अजान सुरू झाली आणि काकांनी कप खाली ठेवला. आपल्या गल्लीतल्या मशिदीवरचे कर्णे त्यांनीच बसवले होते. ही हाक कशी भरून यायला हवी, हे त्यांना पाठ होतं. इथे ती पोकळ येत होती.

"एक कर्णा उलटा जोडलाय," ते म्हणाले. "प्लसचं मायनसला. मग शेजारच्या कर्ण्याशी त्याचं भांडण लागतं आणि दोघांच्या मधल्या कोपऱ्यावर आवाज मरतो."

"मला तर रोजच्यासारखंच ऐकू येतंय. बाबा, हे म्हणजे नाचता येईना..." मुलीने जीभ चावली, पण अंगण वाकडं व्हायचं ते झालंच. काका रात्री धड जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मशिदीभोवती फेऱ्या धरल्या. मिनारावर चार दिशांना चार कर्णे होते. प्रत्येक अजानेला काका एकेक कोपरा धरून उभे राहायचे. ईशान्येला पोकळ, आग्नेयेला पोकळ, उरलेले दोन ठणठणीत. दोन्ही पोकळ कोपऱ्यांच्या मधोमध होता पूर्वेकडचा कर्णा.

"चल, इथली भाषा तुला येते," त्यांनी मुलीला सांगितलं.

"परक्या मुलखात नसती उठाठेव कशाला, बाबा?" असं म्हणत म्हणतच तिने डोक्यावरून ओढणी घेतली.

अजान देणारे गृहस्थ काकांच्याच वयाचे निघाले. गळ्याला मफलर, हातात कोमट पाण्याची बाटली. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. मुलीने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "कर्ण्यात दोष नाही म्हणतायत. त्यांचाच आवाज गेलाय. दोन महिने पूर्वेकडच्या गल्लीतून तक्रारी येतायत. शुक्रवारपासून नवा माणूस येणार आहे."

"दोन महिन्यांपूर्वी इथे काय दुरुस्ती झाली, ते विचार."

पूर्वेकडचा कर्णा जळाला होता, म्हणून नवा बसवला होता. काकांना हसू आवरेना.

तिघं गच्चीवर चढले. नव्या कर्ण्याच्या प्लसला तांबडी वायर चोख जोडलेली होती. कुणीही तशीच जोडली असती. काकांनी वायर चाचपत मागे नेली. भिंतीजवळ जुन्या चिकटपट्टीखाली जोड सापडला, आणि त्या जोडात कुणीतरी केव्हातरी तांबडीला काळी जोडून ठेवली होती. जुना कर्णा ते ओळखून जोडलेला असणार, नवा मात्र नुसता रंग पाहून जोडला होता. काकांनी जन्मात रंगावर विश्वास ठेवला नव्हता. प्लसच्या वायरीला ते गाठ मारत, आणि दुकानातली माणसं त्यावरून त्यांची टिंगल करत. त्यांनी कर्ण्यापाशी दोन्ही टोकांची अदलाबदल केली आणि प्लसला घट्ट गाठ मारली.

दुपारनंतरच्या अजानेला काका ईशान्येला थांबले आणि मुलगी त्यांना कळवायला फोन घेऊन आग्नेयेच्या कोपऱ्यावर उभी राहिली. पहिला शब्द आला तो छातीत भरला. समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला, वरच्या मजल्यावरच्या बाईने खिडकी उघडली. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण बापाला काय म्हणत होतो, याची तिला लाज वाटली आणि बापाचा असा अभिमान वाटला की काही विचारू नका.

नमाज झाल्यावर अजान देणारे ते गृहस्थ बाहेर आले. मफलर हातात होता. त्यांनी काकांना घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. शुक्रवारी अजानेला तेच उभे राहणार, हे आता कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. ताईने त्याला सगळं सांगितलं होतं. तो हळूच म्हणाला, "बाबा, एका मोठ्या हॉलचं काम घेतलंय, तिथल्या स्पीकरांची घरघर माझ्याच्याने जात नाहीये. तुम्ही कधी येताय?"

"महिना संपला की," काका म्हणाले. "तोवर एक काम कर. त्या दवाखान्यातल्या मशीनच्या वायरी कुणी जोडल्यात, तेवढं बघून ठेव."