चपलांच्या कपाटाला फुटलेली पालवी

कुणाला खरं वाटणार नाही, पण माझ्या पोरीचं लग्न चपलांच्या कपाटानं जुळवलं. गावच्या न्हाणीघरात, गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बुडून मी हे सांगितलं, तेव्हा डोक्यावर टॉवेलची घडी ठेवलेली चार टाळकी माझ्याकडे वळली. त्यात इसोजी सुतारही होता. कपाट त्याच्याच हातचं.

चिझुरु जन्मली तेव्हा रीतीप्रमाणे परसात हलक्या लाकडाचं किरीचं झाड लावलं. लग्न ठरलं की ते तोडून मुलीला कपड्यांची पेटी करायची. पण स्थळच येईना. कंटाळून मी ते अख्खं झाड तोडून इसोजीला दिलं आणि दाराशी ठेवायचं चपलांचं कपाट करून घेतलं.

आणि मग स्थळ आलं! मुलाची आत्या घर बघायला येणार.

"ती बाई दारातल्या जोड्यांवरून माणसं ओळखते," बायको म्हणाली. "हे स्थळ गेलं ना, तर तुमचं अंथरूण त्या कपाटात."

लागलो कामाला. वर पोरीचे जोडे, मध्ये बायकोचे, खाली माझे. चिखलाचे रबरी बूट परसात हाकलले. ओल शोषायला कोपऱ्यात कोळसा ठेवला. इथवर माझं डोकं ताळ्यावर होतं. किरीला फक्त कोरडं फडकं मारायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी दोन बादल्या पाणी ओतून घासलं.

पुढची चूक त्याहून मोठी. पाहुण्यांचे जोडे दाराकडे तोंड करून खालीच ठेवायचे असतात. मी कपाट मिरवायला आत्याबाईंचे बूट आत ठेवले आणि दार लावलं.

चहा होईतो लाकूड फुगलं. दार हलेना.

"माझे बूट?" आत्याबाई म्हणाल्या.

"कपाटाला आवडलेत," मी म्हणालो.

आता पाहुणीला काय संडासातल्या सपाता घालून रवाना करायचं? राहिल्या बिचाऱ्या. चांगल्या नऊ दिवस! चिझुरुच्या हातचं मिसोचं सूप रोज पिऊन पिऊन विरघळल्या. "पोर गुणाची आहे," म्हणाल्या, "बापाला तेवढं लग्नात लांब बसवा."

"आणि बूट?" पोस्टातल्या तामेकिचीनं विचारलं.

"तेच सांगतोय. दहाव्या दिवशी कपाटाला पालवी फुटली! फांदी गेली छप्पर फोडून वर, आणि शेंड्यावर आत्याबाईंचे बूट. तेही दाराकडे तोंड करून! नवरा मुलगा ते काढायला चढला. वरून चिझुरुला पाहिलं आणि होकार देऊनच खाली उतरला."

इसोजी हसून हसून टाकीत बुडायला आला.

"अहो जिंपाची, थापेला काही सुमार? म्हणे पालवी! वरचा पापुद्रा तेवढा किरीचा, आत सगळं प्लायवूड घातलंय मी. त्याला कसली पालवी फुटते?"