बदकांचा सराव

पक्ष्याचा जवळून फोटो जमला, तर फोटोग्राफी क्लबच्या जंगलसफरीत भावोजींची जागा पक्की होती. म्हणून दर रविवारी ते बागेतल्या तळ्याकाठी बदकांवर सराव करत आणि रात्रपाळी संपवून आलेली माझी ताई बाकावर बसून दाणे टाकत असे. बदकं शहाणी, ती दाण्यांकडे जात. भावोजींच्या वाट्याला नुसत्या शेपट्या.

“अगं, माझ्या मागे उभी राहून टाक.”

“उभं राहायचं त्राण असतं, तर घरी नसते का गेले?”

शेवटी ती बसल्या बसल्याच पेंगली. पिशवी कलंडली, बदकं तिच्या पायांशी गोळा झाली. “हलू नकोस, उडतील,” एवढं सांगायला भावोजींनी तिला जागं केलं.

फोटो झकास आला. भावोजींना सफर मिळाली, बदकांचं पोट भरलं. झोप तेवढी ताईच्या खात्यातून गेली.